एअर रायफलीवरची दुर्बीण का सरकते, आणि ती जागेवर कशी ठेवावी

ज्या एअर रायफलीवरची दुर्बीण सरकते आहे, त्या रायफलीच्या पाठीवर त्याचा पुरावा सापडतोच. दुर्बिणीला रायफलीशी जखडणाऱ्या पकडीला माउंट म्हणतात. त्या माउंटच्या पुढच्या कडेशी तिरपा उजेड पाडून पाहिले, तर काळ्या पॉलिशवर घासून निघालेली बारीक चमकदार पट्टी दिसते. माउंट आधी तिथे होता आणि आता तिथून मागे गेला आहे, असा त्या पट्टीचा अर्थ. माझ्या रायफलीवर ती अडीच मिलिमीटर लांब होती. ती दिसेपर्यंतच्या दोन महिन्यांत मी छर्ऱ्यांचे प्रकार बदलले होते, वाऱ्याला दोष दिला होता, श्वास रोखण्याची पद्धतही बदलून पाहिली होती. आज झिरो केलेली, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि छर्रा लागण्याची जागा जुळवलेली, रायफल उद्या पुन्हा कागदावर भलतीकडेच मारत होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आमच्या सीमाभागात नेमबाजीची ओढ बरीचशी कोल्हापूरकडून येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. या दोन नावांमुळे आमच्याकडच्या कितीतरी घरांत एअर रायफल म्हणजे नुसते खेळणे नव्हे, हे समजले. मात्र ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण वापरत नाहीत. तिथे बारीक छिद्रातून पाहण्याची साइट असते, आणि १० मीटर स्पर्धेच्या आजच्या रायफली दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालत असल्याने त्यांना धक्का जवळजवळ नसतोच. म्हणून घरी साधी स्प्रिंगची रायफल घेऊन तिच्यावर दुर्बीण चढवणाऱ्याला जी अडचण येते, तिचे उत्तर स्पर्धेच्या प्रशिक्षणात सहसा मिळत नाही.

ही अडचण समजून घ्यायची तर रायफलीच्या पोटात काय घडते ते आधी पाहावे लागते. नळी मोडून आपण रायफल कॉक करतो, तेव्हा आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यापुढचा पिस्टन मागे अडकून बसतो. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि समोरची हवा दाबत नेतो. ती दाबलेली हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर ढकलते. वजनदार पिस्टन पुढे निघाला की त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे सरकते. हा पहिला धक्का. मग सिलिंडरच्या टोकाशी कोंडलेल्या हवेच्या गादीवर पिस्टन आदळतो आणि एकदम थांबतो, आणि त्याचा सगळा जोर अंगावर आल्यामुळे रायफल झटक्याने पुढे ओढली जाते. हा दुसरा. हे सारे साधारण एका सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकते, त्यामुळे खांद्याला दोन्ही मिळून एकच ठोका जाणवतो.

हे दोन धक्के सारखे नसतात, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. पहिल्या धक्क्यात स्प्रिंग पिस्टनला पूर्ण अंतरभर ढकलत असते, म्हणून तो लांबट आणि त्या मानाने मऊ असतो. दुसरा मात्र आखूड आणि तीक्ष्ण असतो, कारण पिस्टन अगदी थोड्या अंतरात थांबतो. मऊ धक्क्यात माउंटची पकड टिकते आणि दुर्बीण रायफलीबरोबर मागे जाते. तीक्ष्ण धक्क्यात रायफल पुढे निसटते आणि दुर्बीण तिच्या तुलनेत मागे राहते. शेतात ज्याने कुदळीचा दांडा बसवला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. कुदळ हवेत धरून दांड्याच्या बुडावर हातोडा मारला, की दांडा वर जातो आणि जड कुदळ जागच्या जागी राहिल्यामुळे दांड्यावर घट्ट बसत जाते. हातोड्याच्या एका ठोक्यात ती केसभर सरकते, पन्नास ठोक्यांत बोटभर. आपण कुदळीला हात लावलेला नसतो, तरीही ती सरकते. दुर्बीणही याच न्यायाने प्रत्येक छर्ऱ्यागणिक थोडी थोडी मागे येते.

काडतुसाच्या रायफलीत हाच प्रकार उलट्या दिशेने घडतो. तिथे तीक्ष्ण धक्का एकच आणि तोही मागे असतो, म्हणून दुर्बीण सरकली तर पुढे सरकते. बहुतेक दुर्बिणी आणि माउंट त्या रायफलींचा विचार करून बनवलेले असतात, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या सूचनाही तिकडच्याच असतात. त्या सूचना इमानेइतबारे पाळूनही स्प्रिंगच्या रायफलीवर काम का बिघडते, याचे कारण एवढेच आहे. स्प्रिंगऐवजी वायूचा दट्ट्या असलेल्या रायफलीतही पिस्टन आदळतोच, त्यामुळे तिथेही हीच काळजी घ्यावी लागते. डायना ५४ सारख्या काही जर्मन रायफलींत आतले सगळे यंत्र रुळांवर सरकते, म्हणून नेमबाजाच्या खांद्याला धक्का कळत नाही. पण दुर्बीण त्या सरकणाऱ्या भागावरच बसलेली असते, आणि तिला तो पुरता सोसावा लागतो.

दुर्बीण सरकते आहे असे कळल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे स्क्रू आणखी आवळतो. मीही तेच केले होते. थोडा हिशेब केला की तो उपाय का अपुरा पडतो ते ध्यानात येते. दुर्बीण आणि माउंट मिळून ६०० ग्रॅम धरू, आणि पुढच्या झटक्याची तीव्रता गुरुत्वाकर्षणाच्या शंभर पट आहे असे समजू. तेवढ्या क्षणापुरती ती दुर्बीण ६० किलो जोराने मागे ओढली जाते, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जास्त भार दोन-चार बारीक स्क्रूंनी दाबलेल्या गुळगुळीत धातूच्या नुसत्या घर्षणावर येतो. हाताने किती आवळणार? जास्त आवळले तर माउंटचे ॲल्युमिनियमचे आटे जातात किंवा दुर्बिणीची नळी चेपते. माझे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर असे आहे: दुर्बीण आवळून थांबत नाही, तिला अडवावी लागते. मागे जाणारा भार एखाद्या पक्क्या अडसराने घ्यायला हवा, आणि स्क्रूंनी फक्त माउंट खाली दाबून धरण्याचे काम करायला हवे.

दोन मिलिमीटर मागे गेल्याने इतके काय बिघडते, असा प्रश्न रास्त आहे. माउंट अगदी सरळ रेषेत मागे गेला असता, तर नेमात फारसा फरक पडलाही नसता. पण तो सरळ जात नाही. एक बाजू आधी सुटते, तो किंचित वळतो, मागची बाजू किंचित उचलली जाते. दुर्बिणीची नळी धरणाऱ्या माउंटच्या दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल आणि मागची रिंग एका बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर हलली, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, तर १० मीटरवर छर्रा १० मिलिमीटर बाजूला लागतो आणि २५ मीटरवर २५ मिलिमीटर. दुर्बिणीवर नेम जुळवायच्या चकत्या असतात, त्यांना टरेट म्हणतात. नेहमीच्या दुर्बिणीत टरेटच्या पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने १० मीटरवर जेमतेम ०.७ मिलिमीटर फरक पडतो. म्हणजे कागदाच्या जाडीएवढ्या हालचालीला चौदा क्लिक पुसून टाकता येतात.

काम सुरू करण्यापूर्वी रायफल कॉक केलेली नाही आणि नळीत छर्रा नाही, याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे करावी. छर्रा न घालता ट्रिगर ओढून पाहू नये. समोर हवेची गादी पुरेशी तयार होत नाही, पिस्टन थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो, आणि त्याने रायफल व दुर्बीण दोन्हींचे नुकसान होते.

बहुतेक स्प्रिंगच्या रायफलींच्या पाठीवर दोन लांब समांतर खोबणी कापलेल्या असतात. त्यांच्यामधल्या भागाला डव्हटेल म्हणतात आणि त्याची रुंदी नावापुरती ११ मिलिमीटर असते. प्रत्यक्षात रुंदी आणि खोबणीचा उतार यांत रायफलीगणिक फरक असतो, त्यामुळे माउंटचा जबडा, म्हणजे खोबणीला धरणारा खालचा भाग, खोबणीच्या उताराशी जुळत नसेल तर तो सपाट न बसता नुसत्या कडेवर टेकतो. नवा माउंट घेताना शक्य असेल तर रायफल बरोबर न्यावी, किंवा निदान खोबणीचे माप व्हर्नियरने घेऊन जावे. अखंड माउंट आणि दोन सुटे माउंट यांत मी स्प्रिंगच्या रायफलीसाठी अखंड माउंट घेतो. त्याचा जबडा लांब असतो आणि दोन्ही रिंगा मुळातच एका रेषेत असतात.

आता त्या अडसराकडे येऊ. रायफलीच्या पाठीवर मागच्या बाजूला अनेकदा एक किंवा अधिक उभी भोके असतात, आणि चांगल्या माउंटच्या मधून खाली उतरणारी एक पिन असते. पिनेचा वरचा भाग आट्यांचा आणि खालचे टोक सरळ असते. ॲलन कीने (षटकोनी खाचेत बसणाऱ्या वाकड्या किल्लीने) ती खाली फिरवली की टोक भोकात उतरते, आणि माउंट मागे जाऊ लागला की पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकते. माझ्या माउंटला पिन होती, रायफलीला भोकही होते, तरीही दुर्बीण सरकत होती. मी रायफलीचा दस्ता काढून ठेवला आणि मोकळे धड व माउंट घेऊन बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहानशा लेथवाल्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पिन उजेडात धरली. तिचे टोक एका बाजूला वाकले होते. मग त्यांनी व्हर्नियरने दोन्ही मापे घेतली आणि म्हणाले, “पिन तीनची आहे हो, आणि भोक साडेतीनचं. अर्धा मिलिमीटर पळायला जागा दिलीय तुम्ही हिला. पळत येऊन धडकल्यावर वाकणार नाही तर काय?”

ऊसाच्या हंगामात संकेश्वरच्या बाजूला ट्रॅक्टरमागून जाणाऱ्या ट्रॉल्या पाहिल्या, की त्यांच्या बोलण्याचा अर्थ पटतो. ट्रॉली ट्रॅक्टरला पिनेने जोडलेली असते. पिन आणि भोक यांच्यात जागा कमी असेल तर ब्रेक लावताना ट्रॉली नुसती रेटते. जागा जास्त असेल तर ती आधी मोकळी धावते आणि मग खाडकन ठोकते, आणि प्रत्येक ठोक्याने भोक आणखी लांबट होत जाते. लेथवाल्यांनी एका हाय टेन्साइल बोल्टचे टोक कातून भोकापेक्षा फक्त ०.०५ मिलिमीटर बारीक अशी नवी पिन करून दिली. त्या दिवसापासून त्या माउंटच्या पुढे नवी पट्टी उमटलेली नाही.

पिन बसवताना दोन गोष्टी फार जपाव्या लागतात. पहिली म्हणजे पिन भोकाच्या तळाला टेकता कामा नये. ती तळाला टेकवून आवळली की जॅकसारखी वागते, माउंटला वर उचलते आणि जबड्यांची पकड सैल करते. बाहेरून मात्र सगळे घट्ट वाटते. पिन हलके फिरवत तळ लागेपर्यंत न्यावी आणि तिथून अर्धा फेरा परत घ्यावी. दुसरी गोष्ट क्रमाची. पिन भोकात उतरवल्यावर, जबड्यांचे स्क्रू नुसते टेकलेले असताना, माउंट अंगठ्याने मागे रेटून पिन भोकाच्या मागच्या भिंतीला भिडवावी आणि तसाच रेटून धरून स्क्रू आवळावेत. पळायला जागा उरलीच नाही तर धडकण्याचा प्रश्न येत नाही.

रायफलीला भोक नसेल तर ते स्वतः ड्रिलने पाडू नये, हे मी आग्रहाने सांगतो. त्या पाठीखालीच स्प्रिंगचे आणि पिस्टनचे सिलिंडर असते. ड्रिल आत गेले किंवा आतल्या बाजूला नुसता फुगवटा आला, तरी रायफल निकामी होऊ शकते. काही रायफलींवर भोकाऐवजी आडव्या खाचा असतात, त्यांतही पिन अडकते. काहीच नसेल तर माउंटच्या मागे वेगळा अडसर-ठोकळा खोबणीत बसवता येतो. तोही घर्षणावरच उभा असतो, तरी बऱ्यापैकी टिकतो. नवीन रायफलींवर डव्हटेलऐवजी आडव्या खाचांची पिकाटिनी पट्टी येऊ लागली आहे, आणि अडवण्याच्या दृष्टीने ती सर्वांत चांगली. माउंटचा आडवा दांडा खाचेत बसतो. त्यालाही आवळण्यापूर्वी मागे रेटून खाचेच्या मागच्या भिंतीला भिडवावे. काडतुसाच्या रायफलीच्या सूचनांत पुढे रेटायला सांगितलेले असते, ते इथे लागू नाही. डव्हटेलवर वेगळी पिकाटिनी पट्टी चढवली असेल तर ती पट्टीच सरकू शकते, हेही तपासावे.

आमच्या भागातला पाऊस या कामात एक वेगळीच अडचण आणतो. खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की लोखंड रात्रीतून तांबूस दिसू लागते, म्हणून शहाणा माणूस रायफलीला तेलाचा हात देतो. ते तेल खोबणीत उतरते, तिथून जबड्यांखाली शिरते, आणि ज्या घर्षणावर माउंटची पकड अवलंबून असते तेच घर्षण नाहीसे होते. गंजापासून वाचवण्याची काळजीच दुर्बीण सरकण्याचे कारण होते. बसवण्यापूर्वी खोबण, जबडे, पिनेचे भोक, रिंगांची आतली बाजू आणि स्क्रूंचे आटे हे सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. भोकात आगपेटीच्या काडीला फडके गुंडाळून फिरवावे. पांढऱ्या फडक्याला काळे लागायचे थांबले की स्वच्छ झाले समजावे. पुढे पावसाळ्यात तेल द्यायचे ते तेलकट फडक्याने बाहेरून, माउंटपासून बोटभर दूर राहून.

माउंट जागेवर राहिला तरी दुर्बिणीची नळी रिंगांमधून मागे सरकू शकते, आणि ही जागा बरेच जण तपासत नाहीत. नळी एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटर आहे की ३० मिलिमीटर, ते पाहून त्याच मापाच्या रिंगा घ्याव्यात. प्रत्येक रिंगेच्या टोपीला चार स्क्रू असलेल्या उत्तम. टोपी बसवताना मोटारीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळावेत आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवाव्यात, नाहीतर आवळता आवळता दुर्बीण फिरते आणि तिच्यातली क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, तिरपी होते. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजायचे साधन असेल तर १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घालावी, आखूड बाजू दोन बोटांत धरावी आणि बोटांनी जेवढे येईल तेवढ्यावर थांबावे. रिंगेच्या खालच्या अर्ध्या भागात पातळ टेपची एक सपाट पट्टी लावली की गुळगुळीत नळीला चांगली पकड मिळते. माउंटच्या जबड्यांच्या स्क्रूंवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रूच्या आट्यांना लावायच्या गोंदाचा) एक लहान थेंब पुरतो, पण तो सगळे जागेवर बसून खात्री झाल्यानंतरच लावावा आणि एक दिवस सुकू द्यावा. त्याने स्क्रू सैल होत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. पिनेचे काम तो करू शकत नाही.

कधी कधी दुर्बीण जागेवर असते आणि नेम मात्र भटकतो. मोडणाऱ्या नळीच्या रायफलींत नळी अनेकदा सिलिंडरच्या रेषेपेक्षा किंचित खाली पाहत असते. मग छर्रा खाली लागतो, आपण वरचा टरेट फिरवत जातो, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत येतो. दुर्बिणीच्या आत भिंगांची एक लहान नळी असते, तिला टरेटच्या विरुद्ध बाजूने एक छोटी स्प्रिंग दाबून धरते. टरेट जितका वर सोडला तितकी ती स्प्रिंग ढिली पडते, आणि शेवटाला आली की प्रत्येक धक्क्याला आतली नळी वेगळ्या जागी बसते. अशा वेळी टरेट मध्यावर आणून मागच्या रिंगेत दुर्बिणीच्या नळीखाली पातळ प्लास्टिकचे पॅकिंग द्यावे. वरचाच हिशेब इथे आपल्या बाजूने चालतो: ०.१ मिलिमीटर पॅकिंगने १० मीटरवर छर्रा सुमारे १० मिलिमीटर वर येतो. पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त लागत असेल तर दुर्बिणीची नळी वाकू नये म्हणून उतार असलेला खास माउंट घ्यावा.

दोष कुठे आहे ते ओळखायला सर्वांत स्वस्त साधन म्हणजे टोकदार पांढरी पेन्सिल. माउंटच्या मागच्या कडेला लागून रायफलीच्या पाठीवर एक बारीक रेघ ओढावी आणि दुसरी रेघ मागच्या रिंगेच्या मागच्या कडेशी दुर्बिणीच्या नळीवर ओढावी. मागे वाळूचे पोते लावून, डोळ्यांना चष्मा लावून, एकाच कागदावर वीस छर्रे मारावेत आणि रेघा पाहाव्यात. माउंटने खालची रेघ झाकली तर पिन किंवा जबडे पाहावेत. नळीवरची रेघ रिंगेपासून दूर गेली तर रिंगा पाहाव्यात. दोन्ही रेघा जशाच्या तशा असून छर्रे पसरत असतील तर दुर्बिणीला हात लावण्यापूर्वी दस्त्याचे स्क्रू आणि नळीच्या सांध्याचा बोल्ट तपासावा, कारण त्याच दुहेरी धक्क्याने तेही सैल होतात. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे आमच्याकडे मार्चमध्ये हे स्क्रू हमखास ढिले सापडतात. तेही घट्ट असतील तर दुर्बीण आतून तुटलेली असू शकते. ती एखाद्या धक्का नसलेल्या रायफलीवर लावून पाहावी. तिथेही छर्रे पसरले तर दोष तिच्यातच आहे, आणि मग दोन्ही दिशांचे धक्के सोसण्यासाठी बनवलेली, एअर रायफलीसाठी म्हणून विकली जाणारी दुर्बीण घेण्यावाचून इलाज नाही.

सगळे बसवून झाल्यावर पहिले तीस छर्रे झिरो करण्यासाठी मोजूच नयेत. तेवढ्यात जबडे खोबणीत आणि नळी रिंगांत आपापली जागा घेतात. मग स्क्रूंना ॲलन की लावून पाहावी, एखादा पाव फेरा घेतोच, आणि त्यानंतर नव्या रेघा ओढून कागद लावावा.